रचलेल्या नावांचा अर्थ आणि उगम: शोध कसा घ्यायचा, कोणत्या क्रमाने

फँटसी कादंबरीतल्या नावाचा अर्थ शोधायला बसलं की बहुतेक जण आधी कानावर भिस्त ठेवतात. नाव कशासारखं ऐकू येतं ते बघायचं, त्याच्या जवळपासचा शब्द संस्कृतात, लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत सापडला की तोच अर्थ म्हणून नोंदवायचा. टोल्किन यांच्या कथांतल्या 'सॉरॉन' या खलनायकाच्या नावात 'सौर' दिसतं, 'मोरिया' या जागेच्या नावात 'मोरया' ऐकू येतं आणि बघता बघता यादी तयार होते. पुढचा माणूस ती उतरवून घेतो आणि चूक रुजते.

अशा याद्यांमागे कष्ट असतात, पण क्रम उलटा झालेला असतो. ध्वनिसाम्य सगळ्यात शेवटी तपासायचं, कारण तो सगळ्यात कच्चा पुरावा आहे. त्याआधी तीन गोष्टी हाती लागायला हव्यात: नावाचं मूळ लेखन, ते ज्या लोकांचं आहे त्यांची भाषा आणि लेखकाला ते सुचलं तो काळ. खाली हाच क्रम टप्प्याटप्प्याने दिला आहे. उदाहरणं बरीचशी 'हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या जे. आर. आर. टोल्किन यांची आहेत, कारण नावांमागचं काम इतक्या तपशिलात कागदावर ठेवणारा लेखक क्वचितच सापडतो.

## आधी दोन प्रश्न वेगळे करा

'अर्थ' आणि 'उगम' हे शब्द आपण एका दमात उच्चारतो आणि इथेच निम्म्या चुकांची सुरुवात होते.

अर्थ म्हणजे कथेतल्या जगात त्या नावाचा जो अर्थ लागतो तो. तिथले लोक ते नाव कोणत्या भाषेतलं मानतात, त्यांच्या लेखी त्याचे तुकडे कोणते. उगम म्हणजे लेखकाने ते नाव आणलं कुठून: जुनं काव्य, नकाशा, बोलीतला शब्द, रस्त्यावरची पाटी. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि तरीही दोन्ही खरी असू शकतात.

'एआरेंदिल' हे नाव घ्या. 'क्राइस्ट' या जुन्या इंग्रजी काव्यात 'एआरेंदेल' हा शब्द येतो. 'देवदूतांमधला सर्वांत तेजस्वी' अशी त्याला साद घातलेली आहे. पहाटतारा किंवा प्रकाशकिरण असा त्याचा अर्थ लावतात. टोल्किन यांना त्या शब्दाच्या नादाची भुरळ पडली आणि १९१४ मध्ये त्यांनी त्या नावाच्या नाविकावर कविता लिहिली. हा झाला उगम. पुढे त्यांच्या कथांतल्या एल्फ या लोकांसाठी रचलेल्या भाषा वाढत गेल्या, तसं हे आधीचं नाव त्या भाषांत बसवणं भाग पडलं. मग 'समुद्र' या अर्थाचा एक धातू आणि 'प्रेम, निष्ठा' या अर्थाचा दुसरा, अशी जोडणी करून त्यांनी 'समुद्रावर प्रेम करणारा' हा अर्थ घडवला. १९६७ च्या एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी हे दोन्ही स्वच्छ सांगितलं आहे.

आता 'खरा अर्थ कोणता, पहाटतारा की समुद्रप्रेमी?' असं कोणी विचारलं तर प्रश्नच चुकलेला आहे. पहिला शब्द उगमाच्या रकान्यात जातो, दुसरा अर्थाच्या.

पडताळा: वहीत प्रत्येक नावासमोर अर्थ आणि उगम असे दोन रकाने आहेत का? एकच असेल तर आधी तो दुभागा.

## तयारी

पहिली गरज मूळ भाषेतल्या प्रतीची. परिशिष्टं, नकाशे, शब्दसूची शाबूत असलेलीच प्रत घ्या. काही आवृत्त्यांतून परिशिष्टं गाळलेली असतात आणि नावांचे उच्चार, लिपी, भाषा यांची माहिती नेमकी तिथेच असते.

दुसरी गरज लेखकाच्या स्वतःच्या शब्दांची: पत्रं, मुलाखती, प्रस्तावना, निबंध. टोल्किन यांच्या बाबतीत निवडक पत्रांचा १९८१ चा खंड, भाषांतरकारांसाठी त्यांनी लिहिलेली आणि १९७५ मध्ये छापून आलेली नावांची मार्गदर्शिका, आणि १९७७ च्या 'सिल्मरिलियन'च्या शेवटी दिलेली नावांतल्या घटकांची सूची या तीन गोष्टी हाताशी असल्या की बहुतेक काम भागतं.

तिसरी गरज कोशांची. जुन्या आणि बोलीतल्या इंग्रजी शब्दांसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश, जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर, जुन्या नॉर्ससाठी क्लीझबी-विग्फुसन, ग्रीकसाठी लिडेल-स्कॉट. संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स ठेवाच. संस्कृत आपल्याला येतं असं वाटतं, म्हणून तिथे आपण कोश न उघडता अर्थ ठोकून देतो.

वहीत प्रत्येक नावासाठी एवढे रकाने आखा: मूळ लेखन, पहिल्यांदा कुठे येतं, कोणत्या लोकांचं, तुकडे, अर्थ, उगम, पुराव्याची प्रत, नोंदीची तारीख. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि वर्षभराने ही माहिती कुठून आली ते त्यांनाच सांगता येत नाही.

इशारा: एकटंदुकटं नाव सोडवायला घेऊ नका. त्याच कथेतली, त्याच लोकांची दहा-पंधरा नावं एकत्र घ्या. एकट्या नावात नियम दिसत नाही.

## टप्पा १: मूळ लेखन पकडा

देवनागरीत आलेलं नाव उच्चार दाखवतं आणि लेखन झाकून टाकतं. भाषांतरकाराने किंवा मालिकेतल्या नटाने जो उच्चार केला तो आपण लिहितो आणि मग त्यावरून व्युत्पत्ती लावतो. म्हणून रोमन लेखन, त्यावरच्या मात्रा, टिंबं, जोडरेघा सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या. मात्रा शोभेच्या नसतात. टोल्किन यांच्या लेखनात त्या स्वर दीर्घ असल्याचं सांगतात, आणि दोन टिंबं स्वर सुटा उच्चारायचा असं सांगतात.

त्यांच्या एल्फ नावांत सी हे अक्षर कायम 'क' वाचायचं, म्हणून 'केलेबॉर्न' बरोबर, 'सेलेबॉर्न' चूक. डी-एच ही जोडी दिसली की आपला हात आपसूक 'ध' लिहितो आणि 'काराध्रास' होतं. तिथला उच्चार इंग्रजी 'दीज'च्या सुरुवातीसारखा घर्षक आहे, 'ध'शी त्याचं नातं नाही. गंमत अशी की ड्वार्फांच्या, म्हणजे त्याच कथांतल्या बुटक्या लोकांच्या भाषेत के-एच आणि टी-एच या जोड्या महाप्राण आहेत, असं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात सांगितलेलं आहे. म्हणजे 'खझाद-दूम'मधला 'ख' हा आपलाच 'ख'. एकाच पुस्तकात एच या अक्षराचं काम भाषेगणिक बदलतं आणि देवनागरीत हे सगळं सपाट होतं.

उर्सुला ल ग्विन यांच्या 'गेड' या जादूगाराचंही असंच. रोमन जी पाहून 'जेड' म्हणणारे आहेत. लेखिकेचा उच्चार 'ग'चा आहे.

प्रत भाषांतरित असेल तर आणखी सावध राहा. हॅरी पॉटरच्या मालिकेत खलनायकाचं मूळ नाव टॉम मार्व्होलो रिडल. त्याचीच अक्षरं फिरवून 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे' हे इंग्रजी वाक्य होतं. फ्रेंच भाषांतरात ते वाक्य फ्रेंचमध्ये जुळवायचं होतं, म्हणून नाव झालं टॉम एल्व्हिस झेदुसोर. स्पॅनिशमध्ये टॉम सोर्वोलो रिडल. फ्रेंच प्रत वाचून 'एल्व्हिस'चा अर्थ शोधणाऱ्याचा सगळा वेळ वाया जाईल. खरं तर मूळ 'मार्व्होलो'वरही फार खोल जाऊ नये. वाक्यातली उरलेली अक्षरं सामावण्याचं काम त्याच्याकडे आहे, म्हणून तर भाषा बदलली की ते बदलतं.

पडताळा: नाव कोणत्या भाषेच्या, कोणत्या आवृत्तीतून घेतलं ते लिहिलंय का?

## टप्पा २: नाव खरंच रचलेलं आहे का?

हा टप्पा छोटा आहे, तरी सर्वाधिक चुका तो टाळल्याने होतात. नाव जसंच्या तसं आधी कोशात, मग जुन्या काव्यांच्या नामसूचीत, मग नकाशात पाहा. अनोळखी दिसणारं नाव पुष्कळदा नुसतं विसरलेलं असतं.

'हर्मायनी' शेक्सपिअरच्या नाटकात आहे आणि त्याआधी ग्रीक पुराणकथांत. 'डंबलडोर' हा भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या माशीसाठी इंग्रजी बोलीत असलेला जुना शब्द. नार्नियाच्या कथांतल्या सिंहाचं नाव 'अस्लान', म्हणजे तुर्की भाषेतही सिंहच. सी. एस. लुईस यांनी १९५२ सालच्या पत्रात लिहिलंय की हे नाव त्यांना लेन यांच्या 'अरेबियन नाइट्स'च्या टिपांमध्ये सापडलं. इतिहास वाचणाऱ्याला अल्प अर्सलान हा सेल्जुक सुलतान आठवेल. त्याच्या नावात तोच सिंह जुन्या रूपात आहे.

'थोरिन', 'ड्वालिन', 'बिफुर', 'बोंबुर' ही ड्वार्फांची नावं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या नामावळीतून आली आहेत. 'गँडाल्फ' त्याच नामावळीत आहे: 'गांद' म्हणजे जादूची काठी आणि 'आल्फ' म्हणजे एल्फ. 'बालिन' मात्र त्या यादीत नाही. यादीतली बाकी नावं सापडली म्हणून हेही तिथलंच, असं धरून चालू नका. प्रत्येक नाव स्वतः बोट ठेवून तपासायचं.

## टप्पा ३: कथेतल्या जगात नाव कोणाचं, कोणत्या भाषेतलं?

एका कथेत चार लोकसमूह असतील तर चार नामपद्धती असू शकतात. टोल्किन यांनी हे फार काटेकोरपणे पाळलं. रोहान या राज्यातल्या घोडेस्वारांना जुन्या इंग्रजीतली नावं, ड्वार्फांना नॉर्स, एल्फांना स्वतः रचलेल्या भाषांतली. म्हणून 'एओविन' हे रोहानमधल्या स्त्रीचं नाव एल्फ भाषेच्या कोशात शोधणं म्हणजे चुकीच्या घराची बेल वाजवणं. ते जुनं इंग्रजी आहे: 'एओह' म्हणजे घोडा, 'विन' म्हणजे आनंद. तिचा मामा 'थेओडेन', म्हणजे अक्षरशः 'राजा, स्वामी'. त्यांचा दरबार 'मेदुसेल्ड', म्हणजे मधापासून केलेल्या मद्याचं सभागृह.

मराठी वाचकाला इथे हुरूप येतो. 'मेदु' आणि 'मधु', 'एओह' आणि 'अश्व' हे शब्द खरोखर भाऊबंद आहेत, एकाच आद्य भाषेतून निघालेले. पण भाऊबंद असणं म्हणजे बाप असणं नव्हे. टोल्किन यांनी 'मधु'वरून 'मेदुसेल्ड' केलेलं नाही. त्यांनी जुन्या इंग्रजीतला तयार शब्द उचलला. असं नातं दिसलं तर टिपेत जरूर लिहा, उगमाच्या रकान्यात नको.

आणखी एक थर लक्षात ठेवा. काही लेखक सांगतात की आपण कथा 'भाषांतरित' केली आहे. टोल्किन यांच्या हॉबिटांच्या, म्हणजे छोट्या चणीच्या लोकांच्या नावांचं तसंच आहे. परिशिष्टानुसार सॅमचं हॉबिटांच्या बोलीतलं मूळ नाव 'बानाझीर', अर्थ 'अर्धवट शहाणा, भोळा'. त्याला समांतर म्हणून 'सॅमवाइज' हे जुन्या इंग्रजी 'सॅमवीस' या शब्दावरून दिलं, ज्याचा अर्थही अर्धवट शहाणा. 'वाइज' पाहून त्याला 'शहाणा' ठरवलं तर नावाचा अर्थ नेमका उलटा होतो.

पडताळा: दहा-पंधरा नावं लोकसमूहांनुसार वेगळी लावा. एकेका गटात तीच सुरुवात किंवा तोच शेवट पुन्हा पुन्हा येतो का? येत असेल तरच पुढच्या टप्प्यात तुकडे पाडा.

## टप्पा ४: तुकडे पाडणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नियम तीन आहेत.

पहिला: तुकडा त्याच भाषेतल्या आणखी निदान दोन नावांत, तोच अर्थ घेऊन सापडला पाहिजे. दुसरा: तुकडे पाडल्यावर काही शिल्लक राहता कामा नये, राहिलं तर ते अक्षर कुठून आलं याचं कारण देता आलं पाहिजे. तिसरा: लागलेला अर्थ त्या व्यक्तीला किंवा जागेला शोभला पाहिजे.

'मॉर्डॉर'वर हे करून पाहू. 'मोर' म्हणजे काळा, अंधारा. तो 'मोरिया' (काळी दरी), 'मोरान्नोन' (काळं दार), 'मोर्थोंड' (काळं मूळ) यांत भेटतो. 'दोर' म्हणजे भूमी. तो 'गोंडोर'मध्ये भेटतो, जिथे 'गोंड' म्हणजे दगड. आणि 'डोरिआथ'मध्ये भेटतो, म्हणजे कुंपणातली भूमी. मॉर्डॉर म्हणजे काळी भूमी. दोन्ही तुकड्यांना साक्षीदार आहेत, शिल्लक काही नाही, जागेला अर्थ शोभतो. ही पक्की फोड.

आता फसणारी फोड बघा. 'फँगॉर्न'मध्ये 'ओर्न' म्हणजे झाड आणि 'फांग' म्हणजे दाढी: झाडदाढ्या. बरोबर. तोच 'ओर्न' शेवटी दिसतो म्हणून 'अरागॉर्न'चा अर्थ पुष्कळजण 'वृक्षराज' लावतात. यात 'अरा' आणि 'ओर्न' यांच्यामधला 'ग' शिल्लक उरतो आणि 'झाड' त्या माणसाला शोभतही नाही. टोल्किन यांनी १९७२ च्या एका पत्रात स्पष्टच सांगितलं की या नावात झाडाचा शब्द असूच शकत नाही. दुसरा आणि तिसरा नियम लावला असता तर पत्र न वाचताही शंका आली असती.

'फांग'ची आणखी एक गफलत. 'ऑर्थँक' या मनोऱ्याच्या नावाचा एल्फ भाषेतला अर्थ इंग्रजीत 'माउंट फँग' असा दिलाय, म्हणजे सुळ्याचा डोंगर. तिथला 'फँग' हा इंग्रजी शब्द आहे, सुळा. 'फँगॉर्न'मधला एल्फ भाषेतला आहे, दाढी. दोन्ही एकत्र करून 'दाढीचा डोंगर' करू नका. शिवाय 'ऑर्थँक'ला रोहानच्या जुन्या भाषेत दुसरा अर्थ आहे, 'कुशल, धूर्त मन', आणि हे दुहेरीपण कादंबरीच्या मजकुरातच सांगितलंय. अशा नावाला एकच अर्थ निवडायचा नसतो. दोन्ही भाषांसह दोन्ही लिहा.

सांध्यावरचे बदलही पाहावे लागतात. आपल्या संधीसारखेच रचलेल्या भाषांतही सांध्यावर व्यंजनं मऊ होतात, स्वर गळतात. पण 'इथे बदल झाला असणार' ही पळवाट होऊ देऊ नका. तोच बदल त्या भाषेत दुसरीकडे दाखवता आला तरच तो मान्य.

इशारा: दोन अक्षरांचा तुकडा कुठेही सापडतो. 'अर', 'अन', 'एल' एवढ्यावर फोड उभी असेल तर ती पेन्सिलीनेच लिहा.

## टप्पा ५: कालक्रम तपासा

नाव आधी की त्याला अर्थ देणारी भाषा आधी? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचं पहिलं पुस्तक, 'अ गेम ऑफ थ्रोन्स', १९९६ चं. त्यातल्या डोथ्राकी लोकांची पूर्ण व्याकरण असलेली भाषा डेव्हिड पीटरसन यांनी २०११ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेसाठी रचली, आणि ती रचताना पुस्तकातली मोजकी नावं, शब्द हा पाया धरला. त्या व्याकरणाने 'खलीसी' (टोळीप्रमुखाच्या बायकोची पदवी) छान उलगडते, पण म्हणून मार्टिन यांनी १९९६ मध्ये त्या व्याकरणावरून नाव ठेवलं असं म्हणता येत नाही. पीटरसन यांच्या नियमांप्रमाणे होणारा उच्चार आणि पडद्यावर रूढ झालेला उच्चारही वेगळे आहेत. नोंद करताना 'पुस्तक', 'रचलेली भाषा' आणि 'पडदा' असे तीन थर वेगळे दाखवा.

मसुद्यांतही नावं फिरतात. 'हॉबिट'च्या सुरुवातीच्या मसुद्यात 'गँडाल्फ' हे ड्वार्फांच्या म्होरक्याचं नाव होतं आणि जादूगाराचं नाव 'ब्लाडोर्थिन'. म्हणजे 'काठीवाला एल्फ' हे नाव मुळात काठीवाल्या जादूगारासाठी शोधलेलं नव्हतं. नॉर्स यादीतलं ड्वार्फाचं नाव नंतर त्याच्याकडे आलं. अर्थ जुळतो म्हणून हेतूही तोच होता, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

टोल्किन यांच्या धातूंची एक मोठी यादी १९८७ मध्ये छापली गेली, पण ती १९३० च्या दशकातली आहे. त्यानंतर त्यांनी भाषांचे इतिहास आणि नावं बदलली. तिथे 'नोल्डोरिन' म्हटलेली भाषा पुढे 'सिंडारिन' झाली. त्या यादीतला अर्थ घेतलात तर समोर दशक लिहा.

## टप्पा ६: लेखकाच्या बाजूने उगम शोधा

आता कुठे उगमाकडे वळायचं. पुढच्या क्रमाने जा.

लेखकाला येणाऱ्या भाषा. टोल्किन १९२५ ते १९४५ ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते, म्हणून त्यांच्यासाठी जुनी इंग्रजी आधी. 'सारुमान'मधला 'सेआरु' म्हणजे कसब, डाव, हे तिथेच सापडतं. थॉमस मोर ग्रीक जाणणारे, म्हणून १५१६ च्या 'युटोपिया'साठी ग्रीक: 'नसलेली जागा', आणि उच्चारात 'चांगली जागा' याचाही ध्वनी. लेखकाला जी भाषा येत होती याचा पुरावा नाही, तिथे शेवटी जा.

नकाशे. 'नार्निया' हे इटलीतल्या नार्नी गावाचं लॅटिन नाव. लुईस यांनी नकाशात त्यावर खूण केली होती, हे त्यांचे एके काळचे सचिव वॉल्टर हूपर यांच्याकडून कळतं. माहिती दुसऱ्याच्या तोंडून आहे, हे नोंदीत दिसायला हवं.

उलटं वाचन आणि अक्षरांची फिरवाफिरव. ल ग्विन यांच्या कथेतल्या नगराचं नाव 'ओमेलास' हे अमेरिकेतल्या 'सेलम, ओरेगन'च्या पाटीवरचे शब्द उलटे वाचून आलं, असं त्यांनीच लिहिलंय. सॅम्युअल बटलर यांचं १८७२ चं 'एरेव्हॉन' म्हणजे 'नोव्हेअर', इंग्रजीत 'कुठेच नाही'. लोक ते 'उलटं' म्हणतात. अक्षरं मांडून बघा, डब्ल्यू आणि एच यांची जागा बदललेली आहे, म्हणून ते हुबेहूब उलटं नाही. जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२६ च्या गलिव्हरकथेत 'ट्रिब्निया' आणि 'लँगडेन' येतात: 'ब्रिटन' आणि 'इंग्लंड'ची अक्षरं फिरवून.

हा खेळ रोमन अक्षरांवरच करायचा. देवनागरीत 'ट्रिब्निया' आणि 'ब्रिटन' जुळवायला गेलात तर काना-मात्रांपाशीच अडाल. आणि प्रत्येक अक्षर नेमकं एकदा वापरलं गेलं पाहिजे. एखादं उरलं किंवा कमी पडलं की तो दावा सोडून द्या.

फक्त नाद उचललेला. हे लोकांना पटत नाही, पण असं होतं. 'मोरिया'चं बायबलमधल्या मोरियाह डोंगराशी नातं नाही, असं टोल्किन यांनी १९६७ च्या त्याच मसुद्यात लिहिलं. नाद 'सोरिया मोरिया' या स्कँडिनेव्हियन लोककथेतल्या किल्ल्याच्या नावाचा. त्याचा अर्थ त्यांना नको होता. तिथेच त्यांनी 'सॉरॉन' आणि पाल या अर्थाचा ग्रीक शब्द यांचं नातंही फेटाळलं आणि नाव 'घृणास्पद' या अर्थाच्या स्वतःच्या धातूवरून दिलं. नाद एकीकडून, अर्थ दुसरीकडून: दोन रकाने याच कारणासाठी लागतात.

इशारा: कथेतल्या निवेदकाने दिलेली व्युत्पत्ती लेखकाची समजू नका. 'लापुता' या उडत्या बेटाच्या नावाची गलिव्हर फार विद्वत्तापूर्ण फोड सांगतो आणि तीवर स्वतःची आणखी एक सुचवतो. स्विफ्ट तिथे पंडितांची फिरकी घेतायत, आणि स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ वेश्या असा होतो.

## टप्पा ७: ध्वनिसाम्य, आता

एवढं झाल्यावर कानाला जे सुरुवातीला वाटलं होतं त्याकडे या. 'मॉर्डॉर' ऐकून आपल्याला 'मृत्यू' आठवतो. जुन्या इंग्रजीत 'मोर्दोर' म्हणजे हत्या, आणि तो शब्द संस्कृत 'मृ' धातूचा दूरचा नातेवाईक आहेच. जुन्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला तो शब्द माहीत होता यातही शंका नाही. तरी नावाचा अर्थ 'काळी भूमी'च राहतो. हत्येचा प्रतिध्वनी 'साम्य' म्हणून टिपेत लिहा.

'सौर' आणि 'मोरया' यांना टिपेतही जागा नको. लेखकापर्यंत तो शब्द पोचल्याचा कोणताही धागा नाही.

## टप्पा ८: नोंद लिहिणे

पुराव्याला प्रत द्या. मी सुचवतो ती अशी:

अ: लेखकाने लेखी दिलेलं, किंवा मजकुरात थेट आलेलं.
आ: लेखकाच्या मसुद्यातून, याद्यांतून स्पष्ट दिसणारं.
इ: जवळच्या माणसाने सांगितलेलं.
ई: तीनही नियमांत बसणारी आपली फोड.
उ: नुसतं साम्य.

'अ' प्रतीतही एक काळजी घ्या. लेखक पन्नास वर्षांनी मागे वळून सांगत असेल तर तारीख लिहा; तोच लेखक दोन पत्रांत दोन गोष्टी सांगतो तेव्हा दोन्ही तारखांसह ठेवा, आवडीची निवडू नका.

नमुना नोंद:

एआरेंदिल. लोक: एल्फ आणि मानव यांच्या वंशातला नाविक. तुकडे: 'समुद्र' + 'प्रेम, निष्ठा'. अर्थ: समुद्रप्रेमी (अ, १९६७ चा पत्रमसुदा). उगम: जुन्या इंग्रजी 'क्राइस्ट' काव्यातला 'एआरेंदेल' (अ, तोच मसुदा). कालक्रम: नाव १९१४ पासून, एल्फ अर्थ नंतर बसवलेला.

भाषाही प्रतीनुसार वापरा. 'म्हणजे' हा शब्द अ आणि आ साठी राखून ठेवा. इ साठी 'असं अमुक यांनी सांगितलंय', ई साठी 'अशी फोड करता येते', उ साठी 'ची आठवण होते'. वाचकाला प्रतींची यादी न बघताही दाव्याचं वजन कळतं.

नाव सुटलंच नाही तर रकाना रिकामा ठेवा, पण कोरा नको: कोणते कोश पाहिले, कोणती पत्रं चाळली, कोणत्या भाषा वगळल्या आणि का, हे लिहून खाली तारीख टाका. 'लिलिपुट'सारख्या नावासमोर आजही एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं. पुढे एखादं पत्र किंवा मसुदा छापून आला की तिथूनच पुढे सुरुवात करता येते.